ओटा कुणाचा? जुन्या नाशकातल्या एका वाड्याचं प्रकरण

मी वाड्यावर पोचलो तेव्हा लाकूडवाला माझ्या आधीच पोचला होता. कानाला पेन्सिल, हातात टेप. देवडीतल्या खांबाला टेप गुंडाळून तो घनफूट काढत होता आणि बरोबरचा पोरगा वहीत आकडे टिपत होता. मला बघून म्हणाला, "इंजिनिअर का? वर जपून चढा साहेब, जिन्यावरची तुळई खाल्लेली आहे." पुढे पाच वर्षं हे काम चाललं. वाड्याच्या तब्येतीचं पहिलं अचूक निदान त्या लाकूडवाल्याचं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी वास्तुविशारद. हे प्रकरण २०१८ च्या पावसाळ्याआधी माझ्याकडे आलं आणि २०२३ च्या शेवटी संपलं, म्हणजे कागदावर संपलं. गल्लीचं नाव सांगत नाही. सहहिस्सेदार अजून एकमेकांशी बोलतात आणि ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. तिवंध्यापासून गंगेकडे उतरणाऱ्या चढ-उताराच्या भागात कुठेतरी, एवढं पुरे. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की घाटावर, हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

जुनं नाशिक टेकाडांवर बसलंय. जुनी गढी, म्हसरूळ टेक, चित्रघंटा ही नावंच ते सांगतात. जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा वस्तीच्या थरांखाली थर निघाले. या गावात माणसं आधीच्यांच्या पडझडीवरच घर बांधत आली आहेत. म्हणून पाया खणताना खापऱ्या निघाल्या तर आमचे गवंडी चकित होत नाहीत, फक्त कंटाळतात.

वाडा आणि त्याचं वय

घरच्यांच्या मते वाडा पेशवाईतला. नाशकात प्रत्येक वाडा पेशवाईतलाच असतो. प्रत्यक्षात ती तीन-चार काळांची गोधडी होती. दर्शनी चार खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे खण) जुने: सुरूच्या झाडाच्या आकाराचे, म्हणजे सुरूदार, सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, वर केळफुलांचे हस्त, मधे महिरप, म्हणजे नक्षीदार कमान. मागच्या खणांत लाकडी तुळईच्या जागी लोखंडी गर्डर होता आणि त्यावर 'डॉरमन लाँग, इंग्लंड' अशी उठावाची अक्षरं. छपरावर मंगलोरी कौलं. ही कौलं बासेल मिशनच्या कारखान्यातून १८६५ नंतर निघू लागली, म्हणजे त्याआधी तिथे आपली थापी कौलं असणार. चौकात मोझेइक फरशी, वर हिरवा फायबरचा पत्रा.

हे सगळं सविस्तर सांगतोय, कारण पुढे पाच वर्षं प्रत्येक बैठकीत कुणीतरी "अस्सल नाशिक शैली" हे शब्द उच्चारत राहिलं. सुरूचं झाड नाशकातलं नाही, तो आकार इराणी बागांतून मोगलांमार्फत आला. महिरपही त्याच वाटेची. गंगेवरचं सुंदरनारायणाचं देऊळ १७५६ मधलं, विष्णूचं, पण त्याच्या कमानी आणि घुमट बघितले की मुसलमानी बांधकामाची ओळख लपत नाही. त्याची डागडुजी अलीकडे झाली, तेव्हा झिजलेले दगड उतरवून नवे बसवले गेले, आणि कुणा भाविकाला ते आता वेगळं देऊळ वाटत नाही. शुद्ध असं काही हाताला लागत नाही. लागते ती सवय.

दुखणं कुठे होतं

वाड्याला महापालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस आली होती, आणि ती खोटी नव्हती. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादी भिंत, एखादा वाडा बसल्याची बातमी येतेच. पण वाडा म्हातारा झाला म्हणून पडायला आला हे घरच्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं. वाड्याचा भार भिंती घेत नाहीत, खांब आणि तुळया घेतात. भिंत ही खांबांमधली भर असते: खाली दगड, वर पांढरीची माती आणि विटा. मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा ओल पितो आणि उन्हाळ्यात परत सोडून देतो. १९९० च्या सुमारास कुणीतरी चांगल्या हेतूने आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. जोत्यातून चढणारी ओल आत कोंडली आणि तिने भिंतीत गाडलेल्या खांबांचा आसरा घेतला. चौकातले मोकळे खांब तळखड्यावर कोरडे उभे होते, दीडशे वर्षं झाली तरी टणक. भिंतीतले, जे कुणाला दिसत नव्हते, ते ढोपराएवढ्या उंचीवर कुजले होते. भर म्हणून १९८० च्या दशकात वरच्या मजल्यावर न्हाणीघर आणि संडास झाले, त्यांच्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांचं ओझं आणि गळणारा पाइप. लाकूडवाल्याने दाखवलेली तुळई बरोबर त्याखालची.

कुजका खांब ओळखायला मी बारीक ड्रिल आणि ओल मोजायचं यंत्र घेऊन गेलो होतो. वाड्याच्या दर्शनी खोलीत तीन पिढ्या भाडेकरू असलेले तांबटकाका माझी खटपट बघत होते. मग उठले, लाकडी हातोडा घेतला आणि एकेका खांबावर हलकेच ठोकत गेले. टणक आवाज आला की पुढे. बद्द आला की खडूने फुली. म्हणाले, "भांड्याला चीर गेली की कानाला कळतं. लाकूड काय वेगळं सांगणार?" बावीस खांबांपैकी नऊ फुल्या. माझं ड्रिल दिवसभर चालून नऊवरच आलं.

तेव्हा मला आनंद झाला. नऊ खांब बदलता येतात. सिमेंट खरवडून चुना लावता येतो, वरचे संडास काढून मागे नेता येतात. वाडा वाचू शकत होता. मी उत्साहाने आराखडा काढला: दर्शनी चार खण आणि चौक राखायचा, मागच्या अर्ध्यात नवं बांधकाम.

काकू

बैठक चौकात भरली. सात सहहिस्सेदार, त्यातले तीन पुण्या-मुंबईचे. तांबट धरून तीन भाडेकरू. थोरले काका अठ्ठ्याहत्तरचे. त्यांनी माझा आराखडा ऐकून डोळे पुसले. पुण्याचा पुतण्या आकडे मांडत बसला: संवर्धनाचा खर्च कोण करणार, वाटणीला प्रत्येकाला काय येणार, भाडं महिना किती येतं. भाड्याचा आकडा सांगितला तर हसाल. भाडेनियंत्रण कायद्याच्या छायेतली जुन्या गावातली भाडी म्हणजे विजेच्या बिलाहूनही कमी. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला सोडणं परवडत नाही, आणि पाऊस दोघांनाही विचारत नाही. हा भाग सगळ्यांच्या परिचयाचा आहे, पुढे जातो.

अनपेक्षित विरोध आला तो धाकट्या काकूंचा. त्या घरात राहणाऱ्या, विधवा, सत्तरीच्या जवळ. मला वाटलं होतं, वाडा राखायला सगळ्यात आधी त्या हो म्हणतील.

"चौक राखायचा म्हणतोस," त्या म्हणाल्या. "बघ, तो कोपरा. न्हाणीजवळचा. महिन्याचे चार दिवस आम्ही तिथे बसायचो. पावसाळ्यातसुद्धा. वरून थेंब पडायचे. सासूबाई सोप्यावरून ताट सरकवायच्या. तुझ्या चित्रात त्या कोपऱ्यात कुंडी दाखवली आहेस."

कुणीच काही बोललं नाही. मग त्याच बोलल्या. "आणि ओटा म्हणतोस, तो पुरुषांचा. एकाहत्तर साली लग्न होऊन आले. आजवर ओट्यावर बसलेली नाही. रंगपंचमीच्या रहाडीची मजासुद्धा सज्जाच्या गजांआडून बघितली."

थोरले काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की मागच्या बोळातून संडासाच्या टोपल्या उचलायला जी बाई यायची, तिला त्यांचे वडील ओट्यावरून पाणी ओतायचे. ती खाली, ओंजळ धरून. "ओट्याची उंची त्यासाठीच होती असं मला लहानपणी वाटायचं," काका म्हणाले.

वाड्याची रचना शिकताना आम्हाला देवडी, ओसरी, सोपा, माजघर अशी नावं पाठ करायला लावतात. 'सार्वजनिकाकडून खासगीकडे जाणाऱ्या अवकाशांची क्रमवारी' असं त्याचं गोड वर्णन असतं. ही क्रमवारी म्हणजे कुणाला कुठवर येऊ द्यायचं याचं दगडालाकडातलं नियमपत्रक होतं. गंगेच्या पलीकडे पंचवटीत काळारामाचं देऊळ आहे. तिथे २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि देवळाचे दरवाजे बंद करून घेतले गेले. तोही वास्तूचाच प्रश्न होता: उंबरठा कुणी ओलांडायचा. ते देऊळ आणि हा ओटा एकाच गावचे आहेत. त्यामुळे 'सांस्कृतिक ओळख जपा' हे वाक्य मी पूर्वी भाषणांत सहज टाकायचो, ते त्या दुपारनंतर घशातून नीट उतरत नाही.

महिरपीचं चित्र

पुतण्याने बिल्डर आणला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्याच्याकडे तयार प्रस्ताव होता: पूर्ण पाडून तळ अधिक चार मजले, तळाला वाहनतळ, दर्शनी भागाला 'वाडा थीम'. फायबर मिसळलेल्या सिमेंटच्या साच्यातल्या महिरपी, तपकिरी रंग दिलेले खोटे खांब, प्रवेशाला फेट्याच्या रंगाचे दिवे. इमारतीला नावही घराण्याच्या आडनावापुढे 'वाडा' लावूनच. संगणकावरच्या चित्रात नऊवारीतली एक बाई तुळशीला पाणी घालताना दाखवली होती. काकूंनी ते चित्र चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?"

मी साच्यातल्या महिरपींवर तावातावाने बोललो. खोटं आहे, वगैरे. पुतण्या शांतपणे म्हणाला, "दादा, पांडवलेण्यात काय केलंय? दगडात लाकूडच कोरलंय ना?"

मला उत्तर सुचलं नाही. मुद्दा बिनतोड होता. पांडवलेणी ज्या त्रिरश्मी डोंगरात आहेत, तिथल्या चैत्यगृहाचा (बौद्धांच्या प्रार्थनागृहाचा) दर्शनी भाग म्हणजे लाकडी इमारतीची दगडातली हुबेहूब नक्कल: कमानीखालच्या वाशांची टोकं, जाळ्या, कठडे, जे दगडाला अजिबात लागत नाही असं सगळं. तिथल्या दारावर ब्राह्मीत दानलेख आहे, नाशिककरांकडून, धंभिक गावाने दिलेलं दान. दोन हजार वर्षांपूर्वी 'नाशिककर' हा शब्द एका दारावर लिहिला गेला आणि ते दार नकली लाकडाचं होतं!

पुढच्या रविवारी मी लेण्यांवर गेलो. खरं सांगायचं तर हरलेला वाद जिंकायला गेलो. चैत्यगृहासमोर अर्धा तास बसल्यावर एवढं लक्षात आलं की ज्यांनी ते कोरलं आणि ज्यांनी दान दिलं ते संध्याकाळी डोंगर उतरून तशाच वाशांखाली जेवायला जात होते. आपण राहतो त्याच घराचा आकार त्यांनी पक्क्या दगडात नेला. बिल्डरची महिरप ज्याची नक्कल होती, ते त्याच आठवड्यात घनफुटाने मोजलं जात होतं. फरक आहे, पण तो नक्कल आणि अस्सल यांच्यातला नाही. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे, पण मग तूच सांग, आज आपण सगळे कशाखाली जेवतो? स्लॅबखाली." पुन्हा निरुत्तर.

रहाड

या प्रकरणाला वळण दिलं ते एका खड्ड्याने. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रंग धुळवडीला, आमच्याकडे रंगपंचमीला. आणि जुन्या नाशकात रंगपंचमी म्हणजे रहाड. भर चौकात, रस्त्याच्या खाली, दगडी बांधणीचा पुरुषभर खोल चौकोनी हौद. पेशवेकाळापासूनच्या या रहाडी वर्षभर लाकडं टाकून, वर माती भरून बुजवलेल्या असतात. त्यावरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात. रंगपंचमीच्या आधी खणून उघडायची, साफ करायची, पूजा करायची, फुलं-पानं उकळून केलेल्या रंगाने भरायची. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: शनि चौकातली गुलाबी, तिवंध्याची पिवळी. मग त्यात धप्पा मारायचा, म्हणजे अंगाखाली हौद आणि वर पाण्याचा फवारा अशी उडी. उडी जितकी वेडीवाकडी तितका धप्पा चांगला. नंतर पुन्हा बुजवायची. पूर्वी बऱ्याच होत्या, आता मोजक्याच उघडतात.

२०१९ च्या मार्चमध्ये मी वाड्याची मापं घ्यायला गेलो तो नेमका रंगपंचमीचा दिवस निघाला. आत जायला वाट नव्हती. ओट्यावर तांबटकाकांचं मोठं तांब्याचं घंगाळ चुलीवर चढलेलं, आत रंग उकळत होता. हे दरसालचं, रहाडीला घंगाळ त्यांच्याकडचं जातं. ओट्याच्या एका टोकाला भिजलेली पोरं निथळत बसली होती, दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी म्हातारा. पायरीवर चपलांचा ढीग. काझीपुऱ्याकडून आलेली दोन मुलं होती, ती घंगाळ ढवळत होती. कुणी कुणाला विचारून बसलेलं नव्हतं. वर सज्जात, गजांआड, काकू.

रहाडीला दर्शनी भाग नाही, नक्षी नाही, तिचा फोटो काढला तर खड्ड्याचा येतो. तरी नाशिककराला नाशिककर म्हणून ओळखायला मला तिच्याइतकी खूण दुसरी सापडत नाही. ती राहिली ती उघडण्या-बुजवण्याच्या कामामुळे. दगड पिढीगणिक थोडे बदलले असतील, हात बदलले, मधे कधी रंग रासायनिक झाला, परत फुलांचा झाला.

आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वाड्याच्या सगळ्या नक्षीदार भागांमध्ये जो एकटा भाग अजून गल्लीच्या कामाला येत होता तो म्हणजे चौदा फूट लांब, अडीच फूट रुंद, गुडघ्याएवढ्या उंचीचा काळ्या दगडाचा ओटा. घरच्यांना त्याचं विशेष काही नव्हतं. लाकूडवाल्याने तर त्याला टेपसुद्धा लावला नव्हता.

त्याच साली ४ ऑगस्टला गंगेला मोठा पूर आला. आमची गल्ली टेकावर, तिथवर पाणी येत नाही, पण आठवडाभराच्या पावसाने मागची भिंत बसली. तिच्याखाली माणूस कुणी सापडला नाही हे नशीब. त्यानंतर वाडा राखायची चर्चा संपली. मीही ताणून धरलं नाही. खांब वाचले असते, हे आजही म्हणतो. पण त्या भिंतीखाली भाडेकरूची मुलगी अभ्यासाला बसायची, आणि ती त्या दिवशी मावशीकडे गेली होती एवढंच.

काय बांधलं

नवी इमारत तळ अधिक तीन मजल्यांची झाली. बिल्डरशी मी एकाच गोष्टीवर भांडलो: तळमजला वाहनतळ करायचा नाही. गावठाणात गल्ली मरते ती याच एका रचनेने. जुना वाडा पाडला की तळाला खांबांवर मोकळी जागा ठेवतात, तिला लोखंडी दार लागतं, आत दोन स्कूटर आणि एक कायमची झाकलेली गाडी. गल्लीकडे तोंड करून बसायला, विकायला, वाट बघायला काही उरत नाही. रात्री तिथून जाताना दोन्ही बाजूंना काळोखी पोकळी. आमची गल्ली जेमतेम दहा फुटांची, तिथे चारचाकी वळतसुद्धा नाही, पण गाडीची जागा दाखवायची म्हणजे दाखवायची. मागच्या बोळाकडून, त्याच टोपल्यांच्या बोळाकडून, दुचाक्यांची सोय केली आणि गल्लीकडचा तळमजला दुकान आणि राहण्यासाठी ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकत्रित विकास नियमावली आली, सगळे नकाशे पुन्हा काढले. त्या कटकटीवर वेगळा लेख होईल, लिहिणार नाही.

ओट्याचे दगड आकडे टाकून उतरवले आणि त्याच रेषेत, त्याच उंचीवर परत बसवले. मंजूर नकाशात 'ओटा' हा शब्द नाही. तिथे तो जोत्याची पायरी आहे.

तांबटकाकांच्या दुकानावर मला सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं. त्यांचं काम ठोकण्याचं. जुन्या खोलीत मातीच्या जमिनीत लाकडाचा ओंडका गाडलेला आणि त्यावर लोखंड, ठोक जमीन पिऊन टाकायची. सिमेंटच्या सांगाड्यात तोच ठोक तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला उठवतो. म्हणून दुकानातला तीन बाय चार फुटांचा तुकडा फरशीविना मातीचाच ठेवला, आणि त्याच्या चहूबाजूंनी इमारतीच्या तुळयांपासून सुटी अशी वाळू भरलेली फट घेतली. वरच्यांना त्रास होतो, पण सहन होण्याइतका. भट्टी मात्र गेली. धुराची सोय होईना. आता तापवायचं काम त्यांचा मुलगा अंबडला एका शेडमध्ये करून आणतो, इथे फक्त ठोकणं, घडवणं, विकणं. हे अर्धंच यश, पण तांबट आळीतल्या कितीतरी दुकानांत आज फक्त विकणंच उरलंय.

चौक हे माझं उघड अपयश. जुना चौक सोळा बाय चौदा फुटांचा, भोवती वीस फुटांच्या भिंती. ऊन सरकत सरकत दिवसभर आत असायचं. नवा नऊ बाय आठ, भोवती चाळीस फूट. हिशेब साधा आहे, उंची दुप्पट झाली आणि रुंदी जवळपास निम्मी. तो चौक राहिला नाही, हवेचं नळकांडं झालं. ऊन तळाला उन्हाळ्यात भर दुपारी क्षणभर टेकतं. विक्रीच्या चौरस फुटांसाठी मी हळूहळू नमतं घेत गेलो, प्रत्येक वेळी सहा इंचच. तुळस गच्चीवर गेली. काकूंना मात्र त्याचं काही वाटलं नाही. उलट त्यांनी विचारलं, "न्हाणीजवळचा कोपरा गेला ना?" गेला होता. तिथे लिफ्ट आली.

बिल्डरच्या महिरपी टळल्या, कारण शेवटी पैसे संपले. श्रेय मी घेत नाही. थोरल्या काकांच्या आग्रहाने देवडीतले दोन सुरूदार खांब नव्या प्रवेशाशी उभे केले. ज्याच्यावर काही भार नाही असा खांब मला ओशाळवाणा वाटतो, मी विरोध केला, ऐकलं गेलं नाही. आता एकावर सोसायटीची सूचना आणि लिफ्टवाल्याचा नंबर चिकटवलाय.

बाकीचं लाकूड मोजल्याप्रमाणे गेलं. गेल्या वर्षी गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर मामेबहिणीचा साखरपुडा होता. जेवणाच्या मांडवाला जुने खांब, वर केळफुलं, प्रवेशाशी 'अस्सल वाडा अनुभव' अशी पाटी. रांगेत उभा असताना वर बघितलं तर एक केळफूल अर्धं तुटलेलं. पतंग काढताना थोरल्या काकांच्या भावाने तोडलं होतं ते, घरात त्याची गोष्ट सांगायचे. खांब उत्तम अवस्थेत होता. तळखड्यावर, कोरडा, चुन्याचा गिलावा, वर नीट छप्पर. ज्या पद्धतीने तो गावात राखावा असं मी सांगत होतो, अगदी तसाच राखलेला. त्याखाली वायनचे पेले खणखणत होते. मी काकांना फोटो पाठवला नाही.

नंतर

२०२४ च्या रंगपंचमीला मी मुद्दाम गेलो. घंगाळ ओट्यावर होतं. त्याच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नव्हे, थेट दगडावर, उशी टाकून काकू बसल्या होत्या, पाय खाली सोडून. साडीवर पिवळे शिंतोडे. म्हणाल्या, "आता गुडघे म्हणतात खाली बसू नको, नाहीतर रोज बसेन." रोजच बसतात, तांबटकाका म्हणाले, संध्याकाळी साडेपाचला, भाजी निवडत. वरच्या मजल्यावरच्या दोन सुना पण येतात. पुरुष हल्ली गच्चीवर असतात, तिथे मोबाइलला रेंज चांगली.

या जूनमध्ये सोसायटीच्या सभेची विषयपत्रिका आली. चौथा विषय: ओट्याला लोखंडी जाळी बसवणे. कारणं दोन, रात्री बाहेरची पोरं येऊन बसतात आणि कुत्री झोपतात. ठराव मांडणाऱ्यांत नव्याने आलेले दोघे आणि पुतण्याही. थोरले काका आता बोलण्याच्या स्थितीत नाहीत. तांबटकाका आता भाडेकरू नाहीत, मालक झालेत, त्यांना एक मत आहे, आणि ते म्हणतात, "जाळी झाली तर घंगाळ कुठे चढवू?"

सभेच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला.

"ठराव होणार बघ. जाळीचं डिझाइन काढायला तुलाच सांगतील, घरचा म्हणून. नाही म्हणू नकोस, नाहीतर दुसऱ्याला देतील."

"मग?"

"हो म्हण. आणि लाव वेळ. पाच वर्षं लावलीस तशी."